अपगार

पोर्तुगाल, ६ ऑक्टोबर २०२४

आणि ओळंबा जपून ठेव म्हणून काय लिहिता? मी मागितला होता का तो? बाबा, पाठपिशवी मी भरली, चेन मी लावली, तरी मुंबईच्या विमानतळावर तिच्यातून तुमचा पितळी ओळंबा निघाला. दोरीसकट. तिथल्या पोलिसाने तो दोरीला धरून माझ्या तोंडासमोर लटकवला नि विचारलं, ये क्या है? मी म्हटलं, भिंत सरळ आहे का ते बघायचं असतं. तो म्हणाला, प्लेन में कौनसी दीवार बांधेगा? मागे शे-दीडशे माणसं रांगेत, सगळी हसली. शेवटी तो वेगळ्या सामानात टाकायला लावला, तासभर गेला, विमान चुकता चुकता राहिलं. त्याला आठ महिने झाले तरी तुमच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ तीच. ओळंबा जपून ठेव.

तो का टाकलात ते न कळायला मी काही लहान नाही. मी वाकडा आहे, हे सांगायला. नागावच्या बंगल्यावर शेठच्या आणि सगळ्या बिगाऱ्यांच्या देखत माझी भिंत हातोड्याने उतरवलीत, तेवढ्याने पोट भरलं नाही. तेव्हा म्हणालात, तू मेस्त्री होणार नाहीस, जन्मभर घमेलंच उचलशील. झालं ना खरं. इथे घमेलंच उचलतो.

गंमत म्हणजे इथेही त्याला गमेलाच म्हणतात. पहिल्या दिवशी इथला म्हातारा मेस्त्री ओरडला, गमेला, गमेला, तर मी घमेलं उचलून हजर. बालदीला बाल्द. मेस्त्रीला मेश्त्र. एवढ्या लांब आलो नि कामाचे शब्द तेच, मग लांब आलो कशाला असं झालंय.

फळांच्या प्लास्टिकच्या मांडवातलं काम सोडलं. सोडलं म्हणजे मला तिथे करमेना. कुलदीप म्हणून जालंधरचा आहे, त्याच्याबरोबर उत्तरेकडे आलो. इथे टेकडीवर एक विद्यापीठ आहे, चर्चवाल्यांचं, कॅथलिक. त्याचा जुना भाग दुरुस्त करतायत. आठवीत शाळा सोडलेला मी रोज सकाळी सातला विद्यापीठात जातो, आईला सांगा.

रविवारी आईशी फोनवर बोलतोच. तुमच्याशी काय बोलणार? वर्षभरात तुमचे कान पार गेले. जागृती मोबाईल तुमच्या कानाला लावते, तुम्ही "काय? काय?" करता, मग ती ओरडून सांगते आणि अख्ख्या आळीला बातमी. म्हणून हा कागद. तुम्ही वाचा आणि ठेवून द्या.

दिपेश


चौल, २ नोव्हेंबर २०२४, पाडवा

चि. दिपेशला बाबाचा आशीर्वाद.

पत्र वीस-बावीस दिवसांनी पोचलं. तीनदा वाचलं. अक्षर सुधारलंय, आता न वाचता येण्यासारखं फक्त अर्धंच हाय.

घरात तू मला अरे-तुरे करतोस. बाबा, तू जेवलास काय, असंच लहानपणापासून. पत्रात मात्र तुम्ही, तुम्हाला. बँकेची नोटीस आल्यासारखं वाटलं. शाळेत तसं लिहायला शिकवत असतील. पण तू शाळेत होतास कधी?

तिकडच्या भिंतीबद्दल काहीच न्हाय लिहिलंस. जुनी म्हणजे किती जुनी? जाड किती? दगड कोणता? सांध्यातला माल नखाने खरवडला तर पांढरा निघतो का करडा? कमानी असतील तर मधला दगड कसा बसवलाय ते बघ. एवढं लिही.

ओळंब्याचं तू म्हणतोस तसं न्हाय. पण तुला तसं वाटतंय तर मी इथून काय करू?

आईने करंज्या केल्या. तुझ्या वाटणीच्या शेजारचा अल्पेश येऊन खाऊन गेला. मी काम घेत न्हाय हल्ली. वाडीत असतो.

ओळंबा जपून ठेव.

बाबा


१ डिसेंबर २०२४

बाबा,

कागदावर तुम्हीच बरं. "तू" लिहायला गेलो तर मी अजून रागावलोय हे विसरायला होईल.

विचारलंत म्हणून सांगतो. भिंत इतकी जाड की खिडकीच्या कोनाड्यात मी आडवा झोपू शकतो. एकदा झोपलोही, मेश्त्रने हाकललं. दगड करडा, उन्हात चमचमणारा, आपल्या काळ्या दगडाहून टणक. मधे चौकोनी अंगण, अंगणात विहीर, विहिरीपाशी संत्र्याचं झाड. अंगणाच्या चारी बाजूंनी दगडी कमानींची पडवी, एकेका बाजूला नऊ कमानी. पडवीच्या आतल्या भिंतीला कमरेपर्यंत निळ्या चित्रांच्या फरशा, वर चुन्याचा गिलावा. वरच्या मजल्यावर पूर्वी पाद्र्यांच्या खोल्या, आता मास्तरांची ऑफिसं. कमानीचा मधला दगड पाचरीसारखा, बाकीच्यांपेक्षा बोटभर पुढे काढलेला. ही कमान मी आधी कुठे पाहिली ते दोन दिवस आठवत होतो. रेवदंड्याच्या कोटात, नारळाच्या वाडीत पोर्तुगीजांचा जो पडका मठ आहे ना, तीच. शाळा चुकवून मी जिच्या सावलीत बसायचो ती. तिथे वर आभाळ होतं, इथे छप्पर आहे.

इथला एक म्हातारा पाद्री इतिहास शिकवतो. त्याला माझ्याशी बोलायला आवडतं, बहुतेक मी परीक्षा देणार नाही म्हणून. तो इंग्रजीत बोलतो, कुलदीप त्याचं हिंदी करतो, मी मनात मराठी करतो, तोवर निम्मं गळतं. उरलं ते सांगतो. चारशे वर्षांपूर्वी पाद्र्यांनी हे शिकायला-शिकवायला बांधलं. मग त्यांचं राजाशी बिनसलं, एका रात्रीत सगळ्यांना गाडीत घालून हाकललं. मग दुसऱ्या पंथाचे साधू आले, सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्यांनाही सरकारने काढलं. मग पलटण आली. ज्या दालनात आता पोरं पेपर लिहितात तिथे घोडे बांधत. खांबात लोखंडी कड्या अजून आहेत, पोरं त्यांना छत्र्या अडकवतात. मग धान्याचं गोदाम. मग चर्चला परत मिळालं आणि पन्नासेक वर्षांपूर्वी विद्यापीठ झालं. जेवणघरात भिंतीतच दगडी सज्जा आहे. पूर्वी एक पाद्री त्यात उभा राहून पोथी वाचायचा आणि बाकीचे मुकाट जेवायचे. आता खाली मायक्रोवेव्ह आहेत आणि सज्ज्यात कोणीतरी हेल्मेट ठेवतं.

अंगणातून कोणी आडवं जात नाही. पूर्वीच्या पाद्र्यांचा नियम होता, पडवीतूनच फिरायचं. नियम कोणाला माहीत नाही तरी पोरं अजून पडवीनेच फिरतात. वळणावरचा दगड चारशे वर्षांच्या खांद्यांनी गुळगुळीत झालाय. मीही घमेलं घेऊन तिथेच खांदा घासतो.

माल खरवडला. आत पांढरा, त्यावर पलटणीचा पिवळा रंग, आणि सगळ्यात वर करडा. करडा म्हणजे सिमेंट, विद्यापीठ सुरू झालं तेव्हाचं. जिथे-जिथे सिमेंट आहे तिथे भिंत घामेजलीय, मागचं पाणी बाहेर पडायला जागा नाही, फरशा सुटून पडतायत. मेश्त्र ते सगळं उतरवून पुन्हा चुना करणार आहे. हे बघून मी पहिल्याच आठवड्यात फुशारकी मारली, माझा बाप चुन्याचा मेश्त्र. चुन्याला इथे काल म्हणतात. म्हणजे मी म्हटलं, बाबा, मेश्त्र, काल. त्याने बघितलं माझ्याकडे.

आता हसू नका. कळीचा चुना आला. शुक्रवारी संध्याकाळी मेश्त्र गोण्यांकडे हात करून म्हणाला, उद्या सकाळी सात वाजता, अपगार. उद्या नि सात मला कळतं. पुढचं मी ऐकलं, पगार. शनिवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी थेट ऑफिसच्या दारात. दार बंद. मला वाटलं, मी लवकर आलो. अकरा वाजेपर्यंत उभा. तिकडे हौदापाशी मेश्त्र माझी वाट बघून दुसऱ्या कामाला गेलेला. गोण्यांवर प्लास्टिक मी टाकायला हवं होतं. बारीक पाऊस आला. मी पोचलो तेव्हा गोण्या फुगून फाटलेल्या, वाफा निघतायत, अंगणात ढग. मेश्त्रने माझ्या शर्टाकडे बघितलं. मी म्हटलं, पगार?

नंतर पाद्र्याने समजावलं. पैसे देणं म्हणजे पगार. विझवणं म्हणजे अपगार. चुना अपगार, म्हणजे कळी विझवायची. एका "अ"ने मी चार तास उभा होतो.

मेश्त्रने हाकललं नाही हे नवल. त्याने नवी कळी मागवली, या आठवड्यात मीच विझवली आणि ती आता हौदात पाण्याखाली आहे. तो म्हणाला, तुझा बाप मेश्त्र ना, मग ईशान्येच्या कोपऱ्याची एक भिंत तुझी. वसंतात गिलावा कर, जुलैत मी ठोकून बघेन. चांगली वाजली तर पक्कं काम आणि त्याचा कागद. बद्द वाजली तर अंगण संपेल तसं तुझं कामही संपेल. तो कागद नसला तर बाबा, मला इथे राहता येणार नाही. परत यावं लागेल, घमेल्यासकट.

सांगायचं होतं एवढंच. मागत काही नाही.

दिपेश


चौल, ५ जानेवारी २०२५

चि. दिपेशला आशीर्वाद.

अपगार वाचून हसलो. आईने विचारलं काय झालं, तिला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे पोरगं चार तास उपाशी उभं होतं.

आपण पण कळी विझवायची असंच म्हणतो. लावायची न्हाय, कालवायची न्हाय, विझवायची. त्यांना कोणी शिकवलं कोण जाणे.

तुझं विझवून झालंय, तरी लिहितो, पुढच्या वेळेला. आधी पाणी, मग कळी. कळीवर पाणी ओतशील तर तोंडावर येईल. हौदात चुन्याच्या वर चार बोटं पाणी कायम हवं. कमी झालं की घाल. चाळला न्हायस तर आत्ता चाळ. एक खडा राहिला तरी सहा महिन्यांनी भिंतीतून फुटाण्यासारखा उडतो. रोज बघ, पण रोज ढवळू नकोस. तुला हात स्वस्थ ठेवता येत न्हायत म्हणून सांगतो.

भिंतीवरचं सिमेंट हलक्या हाताने काढ, जुन्या चुन्याला धक्का न लागता. घाई करू नकोस.

बाबा

दादा, मी जागृती. बाबा तिकिटं आणायला नाक्यावर गेलेत, पाकीट उघडं आहे म्हणून चार ओळी. तू आईला म्हणालास की बाबांनी तुझ्यावरच्या रागाने थापी टांगली. तसं नाही. आपल्या न्हाणीच्या भिंतीला त्यांनी चुना केला होता, आठवतो? तू जायच्या आठ दिवस आधी ती भिंत बोटांनी ठोकत बसले होते. मग मला हाक मारली. म्हणाले, तू ठोक, काय ऐकू येतं? मी म्हटलं, खणखणीत. म्हणाले, परत ठोक. मला परीक्षेला जायचं होतं, तरी दहा वेळा ठोकायला लावलं. मग उठून वाडीत गेले ते जेवायलाही आले नाहीत. त्या दिवसापासून थापी खुंटीला. मला यातलं काही कळत नाही, तुला कळलं तर लिही. मी सांगितलं म्हणू नकोस.


२ फेब्रुवारी २०२५

बाबा,

तुमच्या पत्राखाली कोणी काय लिहिलं ते तुम्हाला माहीत नसेल. तिला ओरडू नका.

दोन दिवस कामात लक्ष नव्हतं. न्हाणीची ती भिंत मीही ठोकली होती, जायच्या दिवशी, आंघोळ करताना. घंटेसारखी वाजत होती.

मग आता नागावच्या भिंतीचं ऐका. तुम्ही म्हणालात तसं तिच्यात सिमेंट नव्हतं. मूठभरसुद्धा नाही. माझ्या गाडीवर सिमेंटची गोण होती ती अल्पेशच्या संडासाची, विचारा त्याला. चुना तुम्हीच कालवलेला, तुम्ही सांगितलात तसाच मी लावला. आयुष्यात पहिल्यांदा एक काम मी न पळता पुरं केलं होतं. तुम्ही आलात, बोटाने ठोकलंत, तोंड वाईट केलंत आणि हातोडा मागितलात.

मी सांगितलं होतं बाबा. दोनदा. एकदा तुम्ही हातोडा हातात घेतलात तेव्हा आणि एकदा तुमच्या पाठीमागे उभं राहून. तुम्ही वळलासुद्धा नाहीत. मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करताय. चार माणसांसमोर तिसऱ्यांदा कशाला सांगू, म्हणून गप्प बसलो. सव्वा वर्ष मी तेच उराशी धरून बसलोय.

हे कुलदीपला सांगितलं. तो रोटी भाजत होता. मान वर न करता म्हणाला, यार, तेरे बाप को सुनाई नहीं दिया होगा. एवढंच. एवढं सोपं मला सव्वा वर्षात सुचलं नाही.

सुचलं नाही कारण तुमचे कान जातायत हे घरात तोवर कोणाला माहीतच नव्हतं. तुम्हालाही नसेल.

आता विचारतो, सरळ विचारतो. चुना झाला हे कसं ओळखायचं? लहानपणापासून तुमचा चुना बघतोय, पण हौद भरला की मी कुठेतरी पळायचो, कधी ट्रकवर न्हावा शेव्याला, कधी मांडव्याला बोटीवर. परत यायचो तेव्हा तुमची भिंत झालेली असायची. मधलं मला माहीत नाही. इथला मेश्त्र सांगत नाही, म्हणतो, तुझ्या बापाला विचार. म्हणून विचारतो.

दिपेश


चौल, २६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र

चि. दिपेश,

आज रामेश्वराला जाऊन आलो. घंटा वाजवली. हलताना दिसली. आवाज गोधडीच्या आतून आल्यासारखा, आला म्हणेपर्यंत गेला.

तू दोनदा सांगितलंस ते मला ऐकू आलं न्हाय. तू काहीच बोलला न्हायस, म्हणून मी समजलो, पोरगा कबूल हाय. त्याचा मला जास्त राग आला होता.

नागावची भिंत मला बद्द लागली. मग न्हाणीची माझी स्वतःची भिंत, तीही बद्द. तुळशीचं वृंदावन ठोकलं, तेही बद्द. जागृतीला ठोकायला लावलं तर ती म्हणते खणखणीत. तेव्हा कळलं, बद्द भिंत न्हाय. एक चांगली भिंत मी उतरवली. तुझी पहिली.

हे तुला सांगायला आठ दिवस होते. तू सारखा बाहेर. रात्री यायचास, तोंड फिरवून झोपायचास. आणि मी तरी काय करत होतो? शब्द जुळवत होतो. जुळले न्हायत. मग ओळंबा टाकला तुझ्या पिशवीत. ओळंब्याला कान लागत न्हायत, डोळे लागतात. ते तुझे चांगले हायत.

तो मला विठोबा मेस्त्रीने दिला, मी बावीस वर्षांचा असताना. ज्याला मेस्त्री म्हणायचं त्यालाच देतात, वाकड्याला न्हाय देत. पण ओळंबा फुकट घ्यायचा नसतो. मेस्त्री म्हणून जो पहिला पगार होईल त्यातून सव्वा रुपया देणाऱ्याला द्यायचा, मग तो आपला. मी दिला होता. तू दिलेला न्हायस, म्हणून तोवर तो माझा, तुझ्याकडे ठेवलेला. जपून ठेव लिहितो ते म्हणून.

आता चुना. बोटावर घे, अंगठ्याने चोळ. वाळूचा कणसुद्धा लागता कामा न्हाय, लोण्यासारखा हवा. थापीने काप, कापलेली बाजू चकाकली पाहिजे. थापी तिरपी केली की हळू सरकला पाहिजे, पडता कामा न्हाय. ओघळला तर कच्चा, पाणी काढून आणखी ठेव. भिंत आदल्या दिवशी भिजव, लावायच्या आधी परत भिजव. पहिला हात करंगळीएवढा जाड, त्याहून न्हाय. नखाचा वण उठेनासा झाला की दुसरा हात. मग ओली गोणपाटं लाव आणि पंधरा दिवस ती वाळू देऊ नकोस. हे पंधरा दिवस तुला जड जातील. तिथेच मन रमव, संत्र्याच्या झाडाखाली बस, पण पळू नकोस.

जुनी भिंत झुकलेली असणार. गिलावा जाड करून ती सरळ करायला जाऊ नकोस. चारशे वर्षं तशी उभी हाय, तिला तिचं कळतं. ओळंबा लावून फक्त बघून ठेव, किती झुकलीय ते.

बाबा


२० जुलै २०२५

बाबा, तू जेवलास काय?

इतके दिवस पत्र नाही म्हणून जागृती फोनवर शिव्या घालते. निकाल लागल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता सगळं ओळीने सांगतो.

तुझं पत्र मार्चच्या मधे आलं. त्याच दिवशी दुपारी हौदातला चुना थापीने कापला. चकाकला. सरकला, पडला नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात थंडी सरली तशी भिंत धरली. आधी ओळंबा लावला. दोन बोटं बाहेर झुकलीय. मेश्त्र मागे येऊन उभा राहिला होता, मला कळलंच नाही. त्याने ओळंबा हातात घेतला, वजन बघितलं, पितळेवर तुझ्या थापीचा जो घाव आहे त्याच्यावर अंगठा फिरवला. विचारलं, कोणाचा? मी म्हटलं, बापाचा. त्याने परत दिला आणि त्या दिवसापासून मला गमेला म्हणून हाक मारणं बंद केलं. आता दिपेश म्हणतो, म्हणजे दिपेष्ष म्हणतो.

तिसऱ्या दिवशी एक हुशार पोरगा आला, म्हणाला लेझर लाव, भिंत सरळ कर. मी म्हटलं, तिला तिचं कळतं. हे पोर्तुगीजमध्ये कसं म्हणायचं ते येईना, मग ओळंबा दाखवला आणि मान हलवली.

गोणपाटांचे पंधरा दिवस जड गेले बाबा, खोटं कशाला बोलू. नवव्या दिवशी कुलदीपला दक्षिणेत चांगलं काम आलं, तो म्हणाला चल. पिशवी भरली होती मी. मग गोणपाटांना पाणी घालायची वेळ झाली, घालायला गेलो, आणि घालून झाल्यावर वाटलं, उद्या कोण घालेल. कुलदीप गेला. मी राहिलो. पाद्री येऊन बसायचा संत्र्याखाली. त्याला मी रेवदंड्याच्या पडक्या मठाचं सांगितलं, आता दुभाष्या नाही तर खडूने फरशीवर कमान काढून. त्याने तिला आणखी आठ कमानी जोडल्या. म्हणाला, पुरी असती तर अशी असती. मी बिनछपराच्या शाळेत बसायचो हे मला आत्ता कळलं.

जुलैच्या पहिल्या शुक्रवारी मेश्त्र आला. सत्तरीचा आहे. बोटांनी ठोकत गेला, वरपासून खालपर्यंत. मला तर प्रत्येक ठोका खणखणीत ऐकू येत होता, पण त्याचं तोंड तसंच. मला नागाव दिसायला लागलं. मग बघतो तर तो एका हाताने ठोकतोय आणि दुसऱ्या हाताचा तळवा भिंतीला लावून ठेवलाय, डोळे मिटून. नंतर म्हणाला, कान? आणि हात हलवला, गेले म्हणून. दहा वर्षं झाली त्याचे कान जाऊन, बोलणं तो ओठांवरून ओळखतो, म्हणून मला इतके दिवस कळलं नाही. तो तळहाताने ऐकतो. त्याने माझा हात धरून भिंतीवर ठेवला आणि आधी माझी भिंत ठोकली, मग शेजारची सिमेंटवाली. बाबा, कळतं. चांगला चुना तळहाताला मुंगीसारखा चावतो, थेट कोपरापर्यंत. सिमेंटमागच्या पोकळीत तो ठोका कुठेतरी पडून राहतो, हाताला येतच नाही.

मग म्हणाला, बों. बरं आहे. एवढंच म्हणतात हे लोक.

तर तू आता एक कर. न्हाणीच्या भिंतीला तळहात लाव आणि जागृतीला ठोकू दे. घाईने उचलू नकोस हात, डोळे मीट. पहिल्या दिवशी नाही कळलं तर दुसऱ्या दिवशी परत. कळलं की थापी खुंटीवरून काढ. नागावला जायची गरज नाही, आपल्या आळीतच चार भिंती सिमेंटने घामेजल्यात, अल्पेशच्या संडासापासून सुरुवात कर.

कागद झाला. दोन वर्षांचा. त्यावर माझ्या नावापुढे गवंडी लिहिलंय, बिगारी नाही. सोमवारी मेश्त्र परत म्हणाला, उद्या, अपगार. मी कामाचा जुना शर्ट घालून हौदापाशी सातच्या आधी हजर. तर तो ऑफिसच्या दारात उभा राहून मला हाका मारतोय. या वेळेला खरंच पगार होता. हसला म्हातारा, मुद्दाम केलं होतं त्याने.

मेस्त्री म्हणून पहिला. घरखर्चाचे जागृतीच्या खात्यावर टाकले, ते आईचे, त्यात तुझं काही नाही. तुझे या पाकिटात आहेत, पुठ्ठ्याला चिकटपट्टीने लावलेत, पोस्टात वाजू नयेत म्हणून. रुपया इथे मिळत नाही, तेव्हा इथल्या पैशात घे. एकाचं एक नाणं, विसाचं एक, पाचाचं एक. आता ओळंबा माझा. सव्वा युरो.